काढलेली गाठ पुन्हा का तपासतात?

प्रश्न : माझ्या थोरल्या बहिणीची मोठ्या आतड्याची गाठ ऑपरेशन करून काढली. ‘सगळं निघालं’ असं सर्जननी सांगितलं. तरी त्या गाठीचे तुकडे अजून तपासणीला जाताहेत, एक रिपोर्ट आला की दुसरा मागवला जातोय. जे शरीराबाहेर काढून टाकलं, त्याची एवढी चौकशी कशासाठी? (एक वाचक, सांगली)

उत्तर : ‘सगळं निघालं’ म्हणजे डोळ्यांना दिसत होतं आणि हाताला लागत होतं तेवढं निघालं. ऑपरेशनच्या आधीच कर्करोगाच्या काही पेशी रक्तातून यकृतात किंवा फुप्फुसात जाऊन बसल्या असतील, तर त्या सर्जनला दिसत नाहीत आणि सीटी स्कॅनलाही सापडत नाहीत. पुढे आजार उलटतो तो त्यांच्यामुळे. त्या पेशी हाती लागत नाहीत, पण त्या जिथून निघाल्या ती गाठ हाती असते. म्हणून चौकशी गाठीची.

या चौकशीत विचारायच्या गोष्टी तीनच. आजार उलटण्याचा संभव किती? कोणतं औषध लागू पडेल आणि कोणतं वाया जाईल? आणि हा आजार एकट्या रुग्णापुरता आहे की घराण्यात चालत आलेला आहे? मार्कर म्हणून रिपोर्टात जे काही छापलेलं असतं, ते या तिन्हींपैकी एका तरी प्रश्नाचं उत्तर असायला हवं.

गाठ आधी फॉर्मालिनमध्ये ठेवतात, त्यामुळे ती सडत नाही. मग तिचे निवडक तुकडे मेणात बसवतात. हा ‘ब्लॉक’. त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे, म्हणजे केसाच्याही कितीतरी पट पातळ, काप काढून काचपट्टीवर घेतात आणि रंगवतात. ही ‘स्लाइड’. पहिला रिपोर्ट साध्या रंगाच्या स्लाइडवरून येतो. पुढचे रिपोर्ट त्याच ब्लॉकमधून नवे काप काढून, विशिष्ट प्रथिनं किंवा जनुकं शोधून दिलेले असतात. रुग्णाला पुन्हा सुई टोचावी लागत नाही.

प्रश्न : एवढे मार्कर निघाले म्हणजे आता ‘स्टेज’ला काही अर्थ उरला नाही, असं म्हणायचं का? (एक निवृत्त शिक्षक, अमळनेर)

उत्तर : मुळीच नाही. भवितव्याचा अंदाज बांधताना आजही पहिलं स्थान स्टेजचंच आहे.

लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयात कथबर्ट ड्यूक्स नावाचे पॅथॉलॉजिस्ट होते. १९३२ साली त्यांनी गुदाशयाच्या कर्करोगाचे तीन गट पाडले. गाठ आतड्याच्या भिंतीतच आहे तो अ, भिंत ओलांडून बाहेर आली तो ब, आणि आसपासच्या लसिकाग्रंथींपर्यंत पोचली तो क. सूक्ष्मदर्शक आणि मोजपट्टी एवढ्याच साधनांवर केलेली ही विभागणी इतकी पक्की निघाली की आजची टीएनएम पद्धत तिच्याच वाटेने चालते. गाठ किती खोल गेली, किती ग्रंथींत पोचली, दूरच्या अवयवांत गेली का, हे तीन मुद्दे तिथे पाहतात. अमेरिकेतल्या नोंदींनुसार आजार आतड्यापुरता असताना सापडला तर पाच वर्षांनी सुमारे ९० टक्के रुग्ण हयात असतात. आसपासच्या ग्रंथींत गेला असेल तर ७० ते ७५ टक्के, आणि दूरच्या अवयवांत गेला असेल तर १५ टक्क्यांच्या आसपास. कुठलाही एकटा मार्कर एवढा मोठा फरक दाखवत नाही.

पण स्टेज एका जागी अडते. दुसऱ्या स्टेजच्या, म्हणजे साधारण ड्यूक्सच्या ब गटातल्या, दोन रुग्णांचे रिपोर्ट अगदी सारखे असतात. एकाचा आजार तीन वर्षांत उलटतो, दुसरा पुढे पंचवीस वर्षं ठणठणीत राहतो. त्या दोघांत फरक कुठे होता, हे स्टेज सांगू शकत नाही. मार्करचं काम तिथून सुरू होतं.

एक गोष्ट मात्र रिपोर्ट हाती आल्यावर आधी पाहावी. किती लसिकाग्रंथी तपासल्या? किमान १२ तपासाव्यात असा दंडक आहे. चारच ग्रंथी तपासून ‘ग्रंथींत आजार नाही’ म्हटलं असेल, तर त्या ‘नाही’वर फार विसंबता येत नाही.

प्रश्न : आईच्या रिपोर्टात चार प्रथिनांची नावं आहेत. दोनांपुढे ‘इन्टॅक्ट’ आणि दोनांपुढे ‘लॉस’ लिहिलंय. ‘लॉस’ वाचून आमच्या पोटात गोळा आला. डॉक्टर मात्र म्हणाले, ‘ही बातमी तशी बरी आहे.’ हे कसं? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : डॉक्टरांचं बरोबर आहे, आणि त्यामागचं कारण या आजारातल्या सगळ्यात उद्बोधक गोष्टींपैकी एक आहे.

पेशी दुभंगते तेव्हा डीएनएची अब्जावधी अक्षरं नव्याने उतरवली जातात. नकलेत चुका होणारच. त्या शोधून दुरुस्त करायला पेशीजवळ प्रथिनांचं एक पथक असतं, पेशीतले मुद्रितशोधकच म्हणा. एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२ आणि एमएसएच६ ही त्यातली चार नावं, आणि सगळ्या कारभाराला एमएमआर म्हणतात. यातलं एक जरी गैरहजर झालं, तरी चुका साचत जातात. एकच अक्षर ओळीने अनेकदा येतं अशा जागी तर त्या हमखास होतात. अशा जागांची लांबी बदललेली दिसली की रिपोर्टात ‘एमएसआय-हाय’ असा शेरा येतो. मोठ्या आतड्याच्या दर १०० कर्करोगांपैकी साधारण १५ या जातीचे असतात.

तपासणी सोपी आहे. प्रत्येक प्रथिनाला चिकटणारं प्रतिपिंड स्लाइडवर सोडतात. प्रथिन असेल तर पेशीचं केंद्रक तपकिरी होतं, नसेल तर निळसर राहतं. शेजारच्या निरोगी पेशी तपकिरी झाल्या आहेत ना, हे पाहूनच पॅथॉलॉजिस्ट निकाल देतो. त्याही निळ्या राहिल्या असतील तर दोष रंगवण्याचा. आणखी एक गोष्ट. ही प्रथिनं जोडीने राहतात. एमएलएच१ गेलं की त्याचा जोडीदार पीएमएस२ टिकत नाही. एमएसएच२ गेलं की एमएसएच६ जातं. तेव्हा तुमच्या आईंच्या रिपोर्टातले दोन ‘लॉस’ एकाच जोडीतले असतील, तर बिघाडही बहुधा एकच आहे.

आता ‘बरी बातमी’ का? चुकांनी भरलेली ही पेशी शरीराने कधी न पाहिलेली, वेडीवाकडी प्रथिनं बनवते. प्रतिकारशक्तीच्या पेशींना ती परकी वाटतात आणि त्या गाठीत घुसतात. सूक्ष्मदर्शकाखाली ही गाठ बऱ्याचदा ओबडधोबड, श्लेष्माने भरलेली, एकूण वाईट लक्षणाची वाटते. पण आजार पहिल्या टप्प्यांत असेल तर ती तितकी उलटत नाही. दुसऱ्या स्टेजला तर याचा थेट उपयोग होतो. एमएमआर बिघडलेलं असेल तर फ्लुरोयुरॅसिल हे एकटं केमोचं औषध देऊन फायदा होत नाही असं दिसून आलं आहे, म्हणून यातल्या बहुतेकांना केमो टाळता येते. एका रंगचाचणीने रुग्णाचा सहा महिन्यांचा त्रास वाचतो.

आजार दूरवर पसरल्यावर मात्र हे पारडं फिरतं. चौथ्या स्टेजला नेहमीच्या केमोवर या रुग्णांचं विशेष भलं होत नसे. पण प्रतिकारशक्तीवरचा लगाम काढणारी औषधं आली आणि चित्र बदललं. २०१७ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पेम्ब्रोलिझुमॅबला मंजुरी दिली ती कर्करोग कोणत्या अवयवाचा आहे हे न पाहता, केवळ एमएमआरमधला हा बिघाड पाहून. असं पहिल्यांदाच घडलं. पुढे २०२० साली ३०७ रुग्णांच्या चाचणीत या औषधावर आजार आटोक्यात राहण्याचा मध्यांक १६.५ महिने निघाला, केमोवर तो ८.२ महिने होता.

२०२२ साली न्यू यॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमधल्या एका चाचणीची बातमी आपल्याकडेही गाजली. गुदाशयाच्या कर्करोगाचे १२ च्या १२ रुग्ण डोस्टारलिमॅबने, ऑपरेशन न करता, रोगमुक्त दिसले. ‘कर्करोगावर शंभर टक्के औषध’ असे मथळे तेव्हा झळकले. मथळ्यांत एक गोष्ट राहून गेली. ते सगळे रुग्ण एमएमआर बिघडलेले होते, आणि गुदाशयाच्या कर्करोगात असे रुग्ण शंभरात पाच-दहाच निघतात. बाकीच्या नव्वदांना त्या बातमीचा उपयोग नाही. पण त्या दहांत आपण आहोत की नाही हे जाणून घ्यायला लागते ती हीच चार प्रथिनांची चाचणी.

प्रश्न : याच चाचणीनंतर आम्हा भावंडांनाही तपासणी करायला सांगितलंय. आमच्या घरात तर कर्करोग कुणालाच नव्हता. (त्याच वाचकाचा दुसरा प्रश्न)

उत्तर : एमएमआरचा बिघाड दोन रस्त्यांनी येतो. बहुतेकांत तो वय वाढताना त्या गाठीतच होतो. एमएलएच१चं जनुक रासायनिकरीत्या बंद पडतं, आणि त्याचा घराण्याशी संबंध नसतो. पण मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या एकूण रुग्णांपैकी तीनेक टक्क्यांत बिघाड जन्मजात असतो. त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात. कोणता रस्ता, हे ठरवायला एमएलएच१ नसलेल्या गाठीत बी-रॅफ हे जनुक तपासतात. बी-रॅफमध्ये व्ही६००ई हा बदल सापडला तर बिघाड बहुधा गाठीपुरताच असतो. न सापडला, किंवा एमएसएच२-एमएसएच६ ही जोडी गेलेली असेल, तर रक्तातून जनुकांची तपासणी करावी लागते.

हे कळायला विज्ञानाला शंभर वर्षं लागली. १८९५ साली अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातले पॅथॉलॉजिस्ट आल्ड्रेड वॉर्थिन यांना त्यांच्याकडे शिवणकाम करणाऱ्या बाईने सांगितलं होतं, की आमच्या घरात माणसं पोटाच्या नाही तर गर्भाशयाच्या कर्करोगाने जातात, मीही तशीच जाणार. ती खरोखरच गर्भाशयाच्या कर्करोगाने गेली. वॉर्थिननी तिच्या कुटुंबाची वंशावळ मांडून १९१३ साली ती प्रसिद्ध केली. पुढे नेब्रास्कातल्या ओमाहा इथले हेन्री लिंच यांनी १९६६ साली अशीच दोन कुटुंबं वैद्यकजगतापुढे ठेवली. कर्करोग आनुवंशिक असतो हे तेव्हा फार कुणाला पटत नव्हतं. १९९३ नंतर एमएमआरची जनुकं एकेक सापडू लागली आणि लिंच खरे ठरले. वॉर्थिनच्या त्या कुटुंबातला दोष एमएसएच२ या जनुकात निघाला.

आता ‘आमच्या घरात कुणाला नव्हता’ याविषयी. एकदा नीट चौकशी करा, आणि आईकडच्या माणसांचीही करा. आपल्याकडे मावशीची किंवा आजीची ‘पिशवी काढली’ एवढंच पुढच्या पिढीला ठाऊक असतं, ती का काढली हे कुणी सांगत नाही. लिंच सिंड्रोममध्ये मोठ्या आतड्याच्या खालोखाल धोका गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा असतो. पन्नाशीच्या आत कुणी पोटाच्या आजाराने गेलं असेल तर तेही लिहून ठेवा.

दोष जन्मजात निघाला तर प्रत्येक भावंडाला आणि मुलाला तो असण्याची शक्यता निम्मी. ज्याला नसेल तो या दोषापुरता निर्धास्त झाला. ज्याला असेल त्याने विशी-पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी करून घेतली, तर गाठ कर्करोगाची होण्याआधीच काढता येते. आईंच्या गाठीतून तुमचा कर्करोग टळण्याची ही संधी आहे. ती सोडू नका.

प्रश्न : रिपोर्टात ‘के-रास म्युटेशन डिटेक्टेड’ असं आलंय. म्हणजे आजार जास्त घातक आहे का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : मुख्यतः या ओळीचा अर्थ औषधाच्या निवडीपुरता आहे. पेशीला ‘वाढ’ असा हुकूम पोचवणाऱ्या साखळीतली के-रास ही एक कडी. तिच्यात बदल झाला की वरून हुकूम येवो न येवो, पेशी वाढतच राहते. सेटुक्सिमॅब आणि पॅनिट्युमुमॅब ही औषधं या साखळीचं वरचं टोक बंद करतात. खालची कडी आपल्या मर्जीने चालू असेल तर वरचं टोक बंद करून काय मिळणार? २००८ साली हे मोठ्या चाचण्यांतून स्पष्ट झालं, आणि तेव्हापासून ही औषधं देण्याआधी के-रास तपासणं सक्तीचं झालं. त्याचा भाऊबंद एन-रास त्यात पुढे आला. पसरलेल्या आजारात निम्म्या रुग्णांत यातला एखादा बदल सापडतो. अशा रुग्णाला महागडं औषध आणि त्याचं अंगभर उठणारं पुरळ, दोन्ही टळतं. आजाराच्या गतीवरही के-रासचा थोडा परिणाम होतो, पण त्यावरून कुणाचं भवितव्य ठरवू नये.

बी-रॅफ व्ही६००ईचं तसं नाही. पसरलेल्या आजारात तो आठ-दहा टक्के रुग्णांत सापडतो, आणि एमएमआर शाबूत असताना तो सापडणं हे खरोखर वाईट लक्षण आहे. आजार वेगाने वाढतो. त्याच्यावर एन्कोराफेनिब आणि सेटुक्सिमॅब ही जोडी २०१९ साली पुढे आली. आधी केमो घेऊन झालेल्या रुग्णांत जगण्याचा मध्यांक तिने ५.४ महिन्यांवरून ८.४ महिन्यांवर नेला. आकडा लहान आहे, पण तोवर या रुग्णांच्या हाती फारसं काही नव्हतं.

बाकीचे थोडक्यात. हर-२ हा मार्कर स्तनाच्या कर्करोगामुळे परिचित आहे. इथे तो दोन-तीन टक्क्यांतच सापडतो, पण सापडला तर त्यावर औषधं आहेत. के-रासचाच जी१२सी हा प्रकार तीनेक टक्क्यांत असतो, त्यावरही आता औषध आहे. गाठ उजवीकडची की डावीकडची, हेसुद्धा पाहतात. आजार पसरलेला असेल तर उजव्या बाजूच्या गाठीचं भवितव्य कमी चांगलं असतं आणि सेटुक्सिमॅबचा तिथे फारसा उपयोग होत नाही. यासाठी कोणतीही चाचणी लागत नाही, ऑपरेशनच्या कागदावर ते लिहिलेलंच असतं.

प्रश्न : गाठीत अमुक जनुक असेल तर ॲस्पिरिनने कर्करोग उलटत नाही असं वाचलं. खरं का? आणि खरं असेल तर सगळ्यांनीच का घेऊ नये? (एक वाचक, इंदूर)

उत्तर : बरंच खरं. स्वीडनच्या पुढाकाराने उत्तर युरोपातल्या रुग्णालयांत झालेल्या चाचणीचा निकाल २०२५ साली आला. पीआयके३सीए या जनुकात ठरावीक बदल असलेल्या रुग्णांनी ऑपरेशननंतर तीन वर्षं रोज १६० मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेतलं. त्यांच्यात आजार उलटण्याचं प्रमाण ७.७ टक्के होतं, नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांत १४.१ टक्के. म्हणजे जवळपास निम्मं.

सगळ्यांनी घेऊ नये, कारण ॲस्पिरिनने पोटात किंवा मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. ज्याच्या गाठीत हा बदल नाही, त्याने लाभाची खात्री नसताना तो धोका का पत्करावा? औषधांच्या दुकानातून परस्पर आणायची ही गोळी नव्हे. आपली गाठ त्या बदलासाठी तपासली आहे का, हे कर्करोगतज्ज्ञांना विचारा आणि मग त्यांच्या सल्ल्याने ठरवा.

प्रश्न : इंटरनेटवर पी-५३, केआय-६७ अशा कितीतरी मार्करवरचे शोधनिबंध दिसतात. आमच्या रिपोर्टात ते नाहीत. तपासणी अर्धवट झाली का? (एक अभियंता, पुणे)

उत्तर : नाही. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात हे मार्कर पाहून उपचार बदलत नाहीत, म्हणून ते रिपोर्टात नाहीत.

पी-५३चीच गोष्ट घ्या. बर्ट व्होगेलस्टाइन आणि एरिक फिअरन यांनी १९९० साली साधी गाठ कर्करोगाची कशी होते याचा आराखडा मांडला. एपीसी, के-रास आणि पी-५३ अशी जनुकं त्यात एकामागून एक बिघडत जातात. पी-५३ निम्म्याहून अधिक कर्करोगांत बिघडलेलं असतं. इतकं महत्त्वाचं जनुक भवितव्यही सांगेल असं वाटून शेकडो अभ्यास झाले. कुणाला पी-५३ वाईट दिसलं, कुणाला फरकच दिसला नाही. एका प्रयोगशाळेचं प्रतिपिंड वेगळं, दुसरीची मोजणी वेगळी. कुणी दहा टक्के पेशी रंगल्या की ‘पॉझिटिव्ह’ म्हणे, तर कुणी पन्नास टक्क्यांची वाट पाही. रुग्ण साठ-सत्तर, आणि ज्यांना काही सापडलं नाही त्यांचे निबंध छापले जाण्याची शक्यता कमी. या गोंधळाला आळा घालायला २००५ साली मार्करच्या अभ्यासांचं लेखन कसं असावं याची ‘रिमार्क’ नावाची नियमावली आली. २०१७ साली अमेरिकेतल्या चार तज्ज्ञ संस्थांनी मिळून मोठ्या आतड्यासाठी मार्करची शिफारस केली, तेव्हा यादीत उरले ते रास, बी-रॅफ आणि एमएमआर.

जनुकाच्या मागे न लागता नुसतं नीट पाहूनही पुष्कळ कळतं. गाठीच्या कडेला एकेकट्या किंवा चारपर्यंतच्या घोळक्याने सुटलेल्या पेशींना ‘टय़ूमर बडिंग’ म्हणतात. ०.७८५ चौरस मिलिमीटरच्या एका क्षेत्रात दहा किंवा अधिक दिसल्या तर धोका जास्त. २०१६ साली हे निकष जगभरासाठी ठरले. साध्या रंगाच्या स्लाइडवर, जास्तीचा खर्च न करता हे मोजता येतं.

दुसरं मोजमाप पॅरिसच्या जेरोम गॅलाँ यांचं. गाठीत आणि तिच्या कडेला सीडी३ आणि सीडी८ या खुणांच्या प्रतिकारपेशी किती आहेत हे ते मोजतात. या पद्धतीला इम्युनोस्कोर म्हणतात. २०१८ साली १३ देशांतल्या २६८१ रुग्णांवर ती पडताळली गेली, त्यात अहमदाबादच्या गुजरात कॅन्सर संस्थेचाही सहभाग होता. गाठीत या पेशींची दाटी जितकी अधिक, तितका आजार उलटण्याचा संभव कमी. आपल्याकडे ही चाचणी अजून रोजच्या वापरात नाही.

प्रश्न : रक्तातला सीईए तपासला तर गाठीच्या तपासणीची गरज उरते का? (एक वाचक, लातूर)

उत्तर : दोन्हींची कामं वेगळी. सीईए हे प्रथिन माँट्रियलच्या फिल गोल्ड आणि सॅम्युअल फ्रीडमन यांनी १९६५ साली शोधलं. ऑपरेशनआधी ते वाढलेलं असेल आणि नंतर उतरलं, तर पुढे लक्ष ठेवायला ते चांगलं. पुन्हा चढू लागलं तर स्कॅन करायचं. पण आजाराचं निदान त्यावरून होत नाही. तंबाखू ओढणाऱ्यांत ते एरवीही थोडं जास्त असतं, आणि कित्येक रुग्णांत आजार असूनही वाढत नाही. औषध कोणतं द्यायचं हे तर ते सांगतच नाही.

रक्ततपासणीत खरी नवी गोष्ट आहे ती गाठीच्या डीएनएचे तुकडे रक्तात शोधण्याची. ऑस्ट्रेलियातल्या दुसऱ्या स्टेजच्या ४५५ रुग्णांच्या चाचणीत, ऑपरेशननंतर रक्तात असे तुकडे सापडले तरच केमो द्यायची असं ठरवलं. केमो घेणारे २८ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आले आणि दोन वर्षांनी पाहता आजार उलटण्याचं प्रमाण वाढलेलं नव्हतं. २०२२ सालचा हा निकाल आशादायक आहे. मात्र त्या चाचणीतही रक्तात काय शोधायचं हे आधी गाठीवरूनच ठरवावं लागलं.

प्रश्न : एवढे रिपोर्ट झाले, तर बाबांना किती वर्षं आहेत हे डॉक्टर सरळ का सांगत नाहीत? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : कारण रिपोर्टातला आकडा बाबांचा नसतो, बाबांसारख्या शेकडो रुग्णांचा असतो. तिसऱ्या स्टेजचे ऑपरेशन झालेले १०० रुग्ण घ्या. ढोबळमानाने त्यातले ५० नुसत्या ऑपरेशनने बरे होतात. आणखी २० जणांना केमो वाचवते. ३० जणांचा आजार केमो घेऊनही उलटतो. म्हणजे केमो सगळे शंभर घेतात, ती उपयोगी पडते वीसांना. आपला माणूस या तीनपैकी कोणत्या गटात आहे हे आधी ओळखता यावं, यासाठीच मार्करची सगळी धडपड आहे. आज ती थोडी साधली आहे, पुरती नाही.

शिवाय पाच वर्षांचा आकडा पाच-सात वर्षांपूर्वी उपचार घेतलेल्यांचा असतो. तोही बहुतेकदा पाश्चात्त्य रुग्णांचा. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये एका वर्षात आलेल्या ८०० रुग्णांच्या पाहणीत सरासरी वय ४७ च्या आसपास निघालं, पाश्चात्त्य रुग्णांपेक्षा बरंच कमी. गुदाशयाच्या गाठी आणि सिग्नेट रिंग हा आक्रमक प्रकार, दोन्हींचं प्रमाण तिथे मोठं होतं. परदेशी आकडे आपल्याला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. डॉक्टर आकडा सांगायला कचरतात ते यासाठी. ‘किती वर्षं’ याऐवजी ‘उलटण्याचा संभव किती आणि तो कमी करायला काय करता येईल’ असं विचारा. याचं उत्तर त्यांना देता येईल.

प्रश्न : रुग्णाच्या नातेवाइकांनी नेमकं काय करावं? (अनेक वाचक)

उत्तर : लहान गावांत ऑपरेशन झाल्यावर गाठीची बरणी नातेवाइकांच्याच हाती देतात आणि लॅबमध्ये पोचवायला सांगतात. त्या बरणीत फॉर्मालिन आहे ना, गाठ पुरती बुडाली आहे ना, हे तिथेच विचारा. फॉर्मालिन गाठीच्या दहापट असावं. पाणी किंवा सलाइन चालत नाही. ‘उद्या नेऊ’ म्हणून बरणी घरी ठेवू नका. बिघडलेल्या तुकड्यातून पुढची एकही तपासणी धड होत नाही, आणि ती गाठ पुन्हा मिळत नाही.

गुदाशयाच्या कर्करोगात ऑपरेशनआधी केमो आणि रेडिएशन देणार असतील, तर एमएमआर पहिल्या बायोप्सीवरच करून घ्या. उपचारांनंतर गाठ इतकी आक्रसते की तपासायला पुरेशा पेशी उरत नाहीत, आणि उरल्या तरी रंग फसवू शकतो.

ब्लॉक आणि स्लाइड हा रुग्णाच्या औषधोपचाराचा भाग आहे. परळला टाटात किंवा दुसऱ्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयात गेलात की ते आधी हेच मागतात. लॅबकडून लेखी पोच देऊन ते घ्या आणि जपा. ब्लॉक मेणाचा असतो, तेव्हा तो उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका.

तपासण्यांच्या याद्या लांब असतात आणि किमती त्याहून लांब. शेकडो जनुकांचं पॅनेल प्रत्येकाला लागत नाही. रास आणि बी-रॅफ मुख्यतः आजार पसरलेला असताना लागतात. चार प्रथिनांची एमएमआर चाचणी मात्र कोणत्याही स्टेजच्या, कोणत्याही वयाच्या रुग्णाची व्हायला हवी. ती काही हजार रुपयांत होते, आणि सुरुवातीच्या तिन्ही प्रश्नांना उत्तर देणारी एकटी तीच आहे. भवितव्य सांगते, औषध सुचवते आणि घरच्यांना सावध करते. तुमच्या माणसाच्या रिपोर्टात ती नसेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना तेवढं नक्की विचारा. ऑपरेशन होऊन वर्ष उलटलं असलं तरी ब्लॉक शिल्लक असेल तर ती आजही करता येते.